बहिणीच्या वाट्याच्या गोळ्या

दर गुरुवारी सकाळी दहा वाजता टोकिलुपे चर्चमागच्या सभागृहात बारा खुर्च्या मांडायची आणि त्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना जिभा बाहेर काढायला लावायची. बाहेर काढा, डावीकडे न्या, उजवीकडे न्या, आता नाकाच्या शेंड्याला लावा. कुणाचीच लागायची नाही, पण सगळे हसायचे. तिला हवं असायचं ते हेच. हसताना ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर जातात का, एखादा मागे राहतो का, ते ती एकेका चेहऱ्यावर बारकाईने बघून घ्यायची.

दूर दक्षिण समुद्रातलं हे बेट एवढंसं. सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस गप्पा मारत गेला तरी दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला पोचतो. तेवढ्यात बारा जणांना अर्धांगवायूचा छोटा झटका येऊन गेलेला. छोटा म्हणजे तासाभरात, फार तर दिवसाभरात ओसरलेला. टोकिलुपे इथे अठ्ठावीस वर्षं नर्स होती. दोन वर्षांपूर्वी तिला राजधानीच्या बेटावर सहा आठवडे शिकायला पाठवलं, तिथून ती मोठ्या चित्रांची एक उलटायची वही घेऊन आली आणि तिने हा वर्ग सुरू केला. तोंड, हात, बोली, घड्याळ, हे चार शब्द तिने सगळ्यांकडून घोकून घेतले होते. तोंड वाकडं झालं का बघा. दोन्ही हात वर जातात का बघा. बोली जड झाली का ऐका. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि धावत सुटा.

"धावत कुठे जायचं?" असं सितालेकी दर गुरुवारी विचारायचा. हा म्हातारा कोळी जुन्या दुखापतीमुळे डावा पाय ओढत चालायचा, पण जिभेला धार होती. "घड्याळ बघितलं म्हणून बोट लवकर येते का, नर्सबाई?"

लोक हसायचे, टोकिलुपेही हसायची, पण त्याचं म्हणणं खरं होतं हे तिला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. डॉक्टरांनी शिकवलं होतं की साडेचार तासांच्या आत डोक्याचा फोटो काढून रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. बेटावर ना ते यंत्र, ना ते इंजेक्शन. बोट आठवड्यातून एकदा, तीही समुद्राची मर्जी असेल तर. घड्याळाचं पान ती तरीही उलटून दाखवायची, कारण वहीत ते होतं.

म्हणून तिचा सगळा भार एकाच गोष्टीवर होता, की दुसरा झटका येऊच द्यायचा नाही. "पहिला झटका म्हणजे कुणीतरी दार वाजवलं," ती सांगायची. "दुसरा दार फोडून येतो." रोजची गोळी रोज घ्यायची, बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. पिंपातलं खारवलेलं मांस बंद. विडी बंद. आणि पाचवा धडा, चिठ्ठी नसलेल्या बाटलीतली गोळी तोंडात टाकायची नाही, देणारा कुणीही असो.

बाराव्या खुर्चीवर खरं म्हणजे तिचा भाऊ सेफानाया बसायला हवा होता. बसायची त्याची बायको इलैसाने.

सेफानाया गावाचा मातापुले होता. सरदारासारख्या मोठ्या माणसाने स्वतः बोलायचं नसतं, त्याच्या वतीने बोलायचं ते मातापुलेने. लग्न असो, मयत असो, पाहुण्याचं स्वागत असो, कावा, म्हणजे मुळं कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला गोल बसले की पहिला शब्द त्याचा. आलेल्या प्रत्येकाच्या घराण्याचं नाव त्याच्या मानाच्या क्रमाने घ्यायचं, एक वर नाही की एक खाली नाही. सेफानायाच्या तोंडून ती नावं अशी निघायची, की ज्याचं नाव घेतलं जाई तो बसल्या जागी दोन बोटं उंच व्हायचा. घरात मात्र हा माणूस मुका. बायको म्हणायची, गावाला सगळं वाढून येतात, माझ्या पानात हुंकार.

टोकिलुपेच्या वाट्याला तर तेवढाही नव्हता. ती अकरा वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी आईने सेफानायाची चटई गुंडाळली आणि परसातल्या वेगळ्या खोपटात नेऊन टाकली. त्या दिवसापासून बहीण-भाऊ एका छपराखाली बसले नाहीत. आदल्या दिवसापर्यंत फणसाच्या फांदीवर बसून एकमेकांना चिमटे काढणारी पोरं ती. ही तिथली रीत. बहिणीचा मान भावाहून मोठा. तिच्यासमोर थट्टा करायची नाही, शरीराचं काही बोलायचं नाही, ती आत आली की त्याने बाहेर जायचं. शेतातला पहिला कंद तिचा, डुकराचा चांगला तुकडा तिचा. तिने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि मागायच्या आधीच पोचवलं तर तो भाऊ खरा.

चाळीस वर्षं त्याचा आवाज टोकिलुपेने झापांच्या कुडापलीकडूनच ऐकला होता. तो कुठे बोलणार असला की ती बायकांच्या बाजूला कुडाला टेकून बसायची. बरोबरच्या बायका चिडवायच्या, नर्सबाई आल्या भावाची नाडी तपासायला.

गेल्या नोव्हेंबरात कंद लावताना सेफानायाच्या हातून कुदळ गळून पडली. तोंडात कापूस भरल्यासारखं झालं. पाऊण तासाने सगळं पूर्ववत झालं, आणि तो चालत घरी आला. एका मावशीने तेल चोळलं, पाद्र्याने प्रार्थना केली, आणि घरच्यांनी ठरवलं की संकट टळलं. दवाखान्याचा हेल्थ ऑफिसर लिसिआते याने दोन तऱ्हेच्या गोळ्या लिहून दिल्या, एक रक्त पातळ ठेवायची आणि एक ब्लडप्रेशरची. सेफानाया गोळ्या न्यायला बुधवारी यायचा, टोकिलुपे घरोघर फिरायला गेलेली असायची तेव्हा. त्याचा कागद तिने कधी उघडला नाही. भावाच्या शरीराचा कागद बहिणीने कसा उघडायचा?

वर्गाला तर तो येणंच शक्य नव्हतं. बहीण पुढे उभी राहून म्हणणार, जीभ बाहेर काढा! त्यापेक्षा त्याने दुसरा झटका पत्करला असता. एकदा टोकिलुपेने लिसिआतेला विनवून एक गुरुवार त्याला घ्यायला लावला. सेफानाया आला, मागे बसला. लिसिआतेने ती वही सरकारी नोटीस वाचावी तशी वाचली. सेफानायाला झोप लागली.

मग इलैसाने यायला लागली. नवऱ्याच्या खुर्चीवर बसून नवऱ्याच्या वतीने जीभ बाहेर काढायची.

"वहिनी, तुमच्या जिभेला कसली गरज? ती दणकटच आहे," सितालेकी म्हणायचा.

"घरात एकाने बोलायचं सोडलं की दुसऱ्याची होते दणकट," ती उलट म्हणायची. घरी जाऊन ती सगळं जसंच्या तसं सांगायची. कोण म्हणालं हे मात्र सांगायची नाही. एक शहाणी बाई म्हणत होती, एवढंच. ती शहाणी बाई कोण ते सेफानायाला कळायचं. रविवारी जमिनीतल्या भट्टीतून अळूच्या पानातलं खारं मांस निघालं की तो आता पान उघडून पानच खायचा, मांस बाजूला सारायचा. इलैसानेने हे येऊन सांगितलं, त्या दिवशी टोकिलुपे घरी जाताना एकटीच हसली होती. बोलता येत नव्हतं, पण पोचत होतं.

फेब्रुवारीत बोटीचं इंजिन बिघडलं. एक आठवडा, दोन, तीन. दुकानातली साखर संपली, डिझेल संपलं, मग दवाखान्यातल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपत आल्या. लिसिआतेने उरलेल्या सगळ्या झटका येऊन गेलेल्यांना वाटून टाकल्या, दोन महिने पुरतील अशा. बाकीच्यांनी बोटीची वाट बघायची. या बाकीच्यांत टोकिलुपेही होती, कारण पाच वर्षं तीही तीच गोळी घेत होती.

त्या गुरुवारी वर्गात एकीने विचारलं, तुम्ही आम्हाला एवढं सांगता, तुम्ही स्वतः घेता का? टोकिलुपेला खोटं बोलता येत नसे.

"घेते ना. माझ्याकडे चार उरल्यात," ती म्हणाली. "सोमवारपासून मीठ सोडणार आणि देवाचं नाव घेणार."

सगळे हसले. इलैसाने हसली नाही. टोकिलुपेने तेही बघितलं. हसताना कोण मागे राहतं हे बघायची तिला सवयच होती. पण हिला कधी झटका आलेला नाही, म्हणून तिने ते सोडून दिलं.

शनिवारी सकाळी इलैसाने दारात टोपली घेऊन उभी. त्या वर्षीचे पहिले कंद, मातीसकट, आणि त्यांच्या मधोमध टापाच्या, म्हणजे झाडाच्या सालीच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली जॅमची बाटली. बाटलीत पांढऱ्या बारीक गोळ्या.

"तुमच्या भावाने पाठवलंय," ती म्हणाली.

गोळ्या कुठून आणल्या, असं टोकिलुपेने एकदाच विचारलं. ऑकलंडच्या नातेवाइकांकडून खोकं आलं, इलैसाने म्हणाली, आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिली. बोट बंद असताना ऑकलंडचं खोकं कुठून आलं, हे विचारायला हवं होतं. टोकिलुपेने विचारलं नाही. भावाच्या टोपलीत हात घालून हे कुठून, ते किती, असं विचारणारी बहीण त्या बेटावर अजून जन्माला यायची होती. तिने एक गोळी तळहातावर घेतली. आकार तोच, कोरलेला आकडा तोच. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. पाचवा धडा तिला आठवला, नाही असं नाही. सोमवारी सकाळी तिने ती गोळी पाण्याबरोबर घेतली. आपल्या भावाने आठवण ठेवली, या विचाराने तिला त्या दिवशी दिवसभर बरं वाटलं.

सरदाराच्या मुलीचं लग्न ठरलं होतं मार्चच्या तिसऱ्या शनिवारी. चार गावांचे पाहुणे आले होते. पुरुष रीतीप्रमाणे कमरेला मानाच्या चटया बांधून कावाभोवती गोल बसले. बायका कुडापलीकडे होत्या, आणि टोकिलुपे तिच्या नेहमीच्या जागी कुडाला टेकून बसलेली. सेफानाया बोलायला लागला. पहिली चार नावं नेहमीसारखीच, दगडावर दगड बसवल्यासारखी. पाचवं नाव त्याने दोनदा घेतलं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सेफानाया नाव दोनदा घेत नसतो. कुणीतरी पुटपुटलं, गहिवरलाय बिचारा. पुढचा शब्द आला तो कडा झिजलेला, मग एक आला तो ओला, लिबलिबीत. टोकिलुपेचे ओठ आपोआप हलले, "बोली." भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजून वीस मिनिटं.

ती उठली नाही. कान वाजत असतील, कावा जास्त झाला असेल, आता सावरेल. बहिणीने कावाच्या गोलात शिरायचं आणि चार गावांसमोर भावाच्या तोंडात डोकवायचं? ती कमरेच्या चटईच्या काठाशी चाळा करत बसली आणि घड्याळाचा काटा सरकत गेला. पलीकडे शांतता पसरली. कुणी खोकलं. मग एक आवाज आला, तो कुठल्याच भाषेतला नव्हता.

अकरा सव्वीस. ती कूड बाजूला सारून आत गेली.

सगळ्या पुरुषांनी माना खाली घातल्या. आपण हे बघतच नाही अशा. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. चाळीस वर्षांत एवढ्या जवळून तिने तो चेहरा बघितला नव्हता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, ते तिला माहीतच नव्हतं.

"सेफानाया, माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं नाही. मान खाली घालायला, मागे सरायला तो धडपडला.

"दोन्ही हात वर कर. मी सांगते म्हणून कर."

बहिणीने मागितलं होतं. नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. डावा हात वर गेला. उजवा मांडीवर पडून राहिला, त्यातली करवंटी कलंडली आणि कावा चटईत जिरत गेला. तोंडाचा उजवा कोपरा ओघळला होता.

चार माणसांनी त्याला फळीवर घालून दवाखान्यात नेलं. लिसिआतेने ब्लडप्रेशर घेतलं. वरचा आकडा दोनशे तीस. त्याने पुन्हा घेतलं. आकडा तोच. मग त्याने इलैसानेला विचारलं, प्रेशरची गोळी शेवटची कधी घेतली? टोकिलुपे खाटेच्या पायथ्याशी उभी होती, तिनेही विचारलं. इलैसानेने तिच्याकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला.

"एकवीस दिवस झाले," ती म्हणाली. "तुमच्या टोपलीत गेल्या त्या सगळ्या."

इलैसाने खाटेच्या काठावर बसली.

"मी नको म्हटलं. ते म्हणाले, माझा झटका येऊन गेलाय, तिचा यायचाय. आधी तिला."

दार वाजलं म्हणजे पाहुणा येऊन गेला, असा हिशेब केला त्याने! इतक्या गुरुवारी तिने तोंड दुखेस्तोवर सांगितलेली ती एक गोष्ट कूड ओलांडून त्याच्यापर्यंत गेली होती, फक्त उलटी होऊन. आणि चिठ्ठी नसलेली बाटली तिच्या फडताळात होती, तिसरा हिस्सा रिकामी. उरलेल्या गोळ्या तिने धावत जाऊन आणल्या. लिसिआतेने मान हलवली. सेफानायाला आता पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं.

बोट चार दिवसांनी आली. महिन्याभराने सेफानायाला राजधानीतून परत आणलं. उजवी बाजू गेलेली, शब्द गेलेले. समजतं सगळं, डॉक्टरांनी लिहिलं होतं. बोलणं येईल असं दिसत नाही, पण रोज सराव घ्या, घरच्यांनी समोर बसून तोंडाचे आकार दाखवा. टोकिलुपेने तो कागद आता उघडला, तीनदा वाचला, आणि तो आला त्याच दिवशी त्याच्या घरात गेली. रीत गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत गेली.

ती आत आली हे बघताच सेफानाया उठायला लागला. बहीण आत आली की भावाने बाहेर जायचं. डाव्या हाताने खांब धरून त्याने अंग ओढलं, पलटी खाऊन चटईबाहेर पडला, आणि तसाच, एका कोपरावर, दाराकडे सरकू लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुखण्याचं नव्हतं. इलैसानेने हात जोडले.

"जा तुम्ही. तुम्ही असेपर्यंत ते थांबायचे नाहीत."

मग टोकिलुपे रोज संध्याकाळी चारला घराबाहेर कुडाला टेकून बसायला लागली. तीच पाठ, तसाच कूड, पण आता बोलायचं तिने. आ म्हणा. ओ म्हणा. ओठ मिटून म म्हणा. आतून इलैसाने तेच पुन्हा म्हणायची, नवऱ्यासमोर तोंड करून. मग दोघीही थांबायच्या आणि ऐकायच्या. डुकरं घुरघुरत जायची, समुद्र वाजायचा. आतून काही यायचं नाही. महिना उलटला. एकदा एक श्वास जोरात आला, त्यावर दोघी आठवडाभर आशा धरून होत्या. मग इलैसानेनेच सांगितलं की ती खोकल्याची उबळ होती.

गावाला नवा मातापुले मिळाला. त्याचा पुतण्याच. नावं बरोबर घेतो, लोक म्हणाले. टोकिलुपे ऐकायला गेली नाही.

तिचं ब्लडप्रेशर मात्र उत्तम होतं. लिसिआतेने तपासलं तेव्हा आकडा लिहून घेतला. बोटीच्या नव्या खेपेत आलेली गोळी ती रोज सकाळी घेते. ती जिभेवर ठेवली की गिळायला वेळ लागतो.

वर्ग तिने दोन महिने घेतला नव्हता. जूनच्या पहिल्या गुरुवारी पुन्हा खुर्च्या मांडल्या, सवयीने बारा. अकरा भरल्या. वहीचं पाचवं पान झाल्यावर ती थांबली आणि वही मिटली.

"आणखी एक धडा आहे, वहीत नाही," ती म्हणाली. "आपली गोळी आपण घ्यायची. कुणाला द्यायची नाही. बहिणीलासुद्धा नाही."

सगळ्या बेटाला माहीत होतं. बायका मांडीवरच्या हातांकडे बघू लागल्या. सितालेकीने आपला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. त्याची थोरली बहीण बेटाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, तिलाही प्रेशर होतं. पहिला मासा आजही तिच्याकडे जायचा.

"नर्सबाई," तो म्हणाला, आणि या वेळी आवाजात थट्टा नव्हती. "बोट पुन्हा बंद पडली, आणि तिच्या संपल्या, माझ्या आहेत. मग मी काय करायचं?"

टोकिलुपेने तोंड उघडलं. दोघांच्या अंगात तोच बिघाड आणि बाटली एक. तिला नर्स म्हणून उत्तर माहीत होतं, आत्ताच तर तिने ते दिलं होतं. सितालेकी तिच्याकडे बघत होता, बाकीचे दहा जण बघत होते. आणि ते तसं करणार नाहीत, एकही जण करणार नाही, हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ वाचता येत होतं. फेब्रुवारीत तिच्याकडे भरली बाटली असती आणि सेफानायाची रिकामी, तर तिनेही आपली बाटली आपल्यापाशी ठेवली नसती.

ती बाराव्या खुर्चीकडे बघत राहिली.

"चला," ती शेवटी म्हणाली. "जिभा बाहेर काढा."

अकरा जणांनी काढल्या.